निळ्या जगात सावळखोरं

नदी उलटी वाहायला लागली, कारण नव्या नकाशात समुद्र पश्चिमेला होता.

दोन किलोचं लोखंडी वजन ओलं केलं, तर त्याला तांदळाचा दाणा चिकटतो.

श्रावणी सोमवारी ओतूरच्या एसटी स्टँडवर उभं राहायला जागा नसते.

काळोखाच्या बाजूचा माणूस मारला तर पाप लागत नाही.

होडीत बसताना चपला हातात घ्यायच्या.

पारसमल शेठ गिऱ्हाइकांना सांगत, वर पोरं अभ्यास करतायत, जरा हळू बोला.

गेणभाऊ जिवंत आहे.

•

गेणभाऊ जिवंत आहे हे वृषालीला पक्कं माहीत होतं. परवाच तो घोडेगावच्या बाजारात भेटला होता. हातात मेथीची जुडी. "कंप्युटर शिकवती म्हंजे नक्की करती काय गं तू?" असं नेहमीसारखं विचारून, उत्तराची वाट न बघता निघून गेला होता.

आणि आज, २००५च्या श्रावणातल्या सोमवारी, ओतूरच्या पेठेत, पारसमल शेठच्या किराणा दुकानाच्या माडीवर, भिंतीवर चिकटवलेल्या तक्त्यात त्याचं नाव होतं. नावावर लाल स्केचपेनची फुली होती.

त्याच्या वर अंबाबाई. फुली.

त्याच्या वर धर्माजी सुतार. फुली.

"आवडलं?" रिद्धी म्हणाली.

रिद्धी पारसमल शेठची धाकटी मुलगी, बारावीला. वृषाली मामीबरोबर कपर्दिकेश्वराच्या यात्रेला आली होती. मामी रांगेत आणि रांग पार नदीपर्यंत. तेवढ्यात गर्दीतून ही पोरगी आली आणि तिनं हातच धरला. "तुम्ही वृषालीताई ना? कल्पेशदादाच्या ग्रुपमधल्या? चला. चलाच तुम्ही. आम्ही तुमचंच खोरं खेळतोय."

वर माडीवर आणखी दोघं होती. रिद्धीच्या वर्गातली इंद्रायणी, आणि अमृत. अमृत कॉलेज सोडून घरच्या शेतात लागलेला, गळ्यात आजोबांचा ताईत घातलेला. वृषाली आत आली तसा तो उठला आणि खाली वाकून तिच्या पाया पडला.

"सावळखोरं तुमी केलं ना, ताई? लई भारी केलंय राव. दोन वर्सं झाली, आजून सपंना."

"काय संपेना?"

"जिंकून."

•

खेळ असा. काही जण गोल बसतात. एक जण कारभारी होतो. तो जग सांगतो: इथं डोंगर, इथं वाडी, वाडीत ही माणसं. बाकीचे त्या जगातला एकेक माणूस होतात. कुणी योद्धा, कुणी वैदू, कुणी चोर. तो माणूस काय करतो हे ते बोलून सांगतात, आणि ते जमलं की नाही हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. पट नाही, सोंगट्या नाहीत. एक डाव वर्षानुवर्षं चालतो.

कल्पेश रिद्धीचा मोठा भाऊ. त्याच्या मुंबईच्या मावसभावानं ह्या खेळाच्या इंग्रजी पुस्तकाची झेरॉक्स आणली होती, आणि कल्पेशनं तिला तांबडं कव्हर घातलं होतं. म्हणून त्या पुस्तकातल्या जगाला ते तांबडं जग म्हणायचे. १९९७ साली. ह्याच माडीवर.

•

तांबड्या जगात एक कोपरा रिकामा होता. कल्पेश म्हणाला, तिथं काय आहे ते तू सांग.

वृषाली तेव्हा मामाकडे राहून ओतूरच्या कॉलेजात शिकत होती. तिचं गाव डिंभ्याच्या धरणाखाली गेलेलं. आई-वडील वर डोंगराच्या कडेला नव्या गावठाणात. तिनं त्या कोपऱ्यात खोरं बसवलं. सावळखोरं. एक नदी, नदीच्या काठानं वाड्या: धुंडवाडी, माचवाडी, शेंदूरवाडी, आणि जिथून होडीनं पलीकडे जायचं ती उतारवाडी. प्रत्येक घरात माणूस. प्रत्येक माणसाला नाव. नावं कुठून आणली हे तिनं कुणाला सांगितलं नाही. बुडालेल्या गावात जी घरं ज्या क्रमानं होती, तीच त्या क्रमानं उचलून ठेवली होती. फक्त उतारवाडीची होडीवाली सरूबाई तिनं मनानं केली होती. तिच्या गावात होडी चालवणारी बाई कधी नव्हती. असायला हवी होती.

खोऱ्याची देवी खोराई. काळा दगड, शेंदूर, बाकी काही नाही.

"हिची शक्ती किती?" कल्पेशनं विचारलं होतं. त्याला तक्त्यात आकडा लिहायचा होता.

"शक्ती नाही. ती असते."

"असते म्हणजे काय गं? विजा पाडते? रोग बरे करते?"

"तिला विचारतात."

हे कल्पेशला चटकन समजलं, कारण आसपासच्या गावांत तो लहानपणापासून बघत आला होता. दगडाला पाणी लावायचं, उजवीकडे एक आणि डावीकडे एक तांदळाचा दाणा चिकटवायचा आणि प्रश्न विचारायचा. उजवा पडला तर हो, डावा पडला तर नाही. ह्याला कौल म्हणतात. धरणात पाणी यायच्या आधी वरची गावं हलली, तेव्हा प्रत्येक गावानं आधी देवाला विचारलं, येतोस का. मग मानकऱ्यानं देव उचलला. मानकरी म्हणजे ज्या घराचा तो मान आहे, त्या घरातला माणूस. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. आधी देव, मग माणसं, मग गुरं, मग भांडीकुंडी.

वृषालीनं खोऱ्यासाठी तोच नियम केला. देवी कौलाशिवाय हलणार नाही. तिला उचलायचा मान वृषालीचा, बाकी कुणाचा नाही.

"मी कारभारी असलो तरी?"

"तू कारभारी असलास तरी."

"बरं बाई. तुझी देवी, तुझा मान," कल्पेश म्हणाला. चेष्टेत नाही.

•

मग तांबडं जग संपलं. म्हणजे झेरॉक्सची पानं फाटली, वृषाली घोडेगावला नोकरीला लागली, आणि कल्पेशला पुण्यात रस्त्यावर एक नवं पुस्तक मिळालं. दुसऱ्या खेळाचं, दुसऱ्या जगाचं. निळं. नकाशात मोठा डोंगर, पश्चिमेला समुद्र, मध्ये मोकळी जागा.

एका जगातलं खोरं दुसऱ्या जगात असं हलवतात:

नाणी बदलतात. तांबड्या जगातली एक मोहर म्हणजे निळ्या जगातल्या तीन.

अंतरं बदलतात. तांबड्यात कोस, निळ्यात दिवसाची चाल.

नदीला समुद्र लागतो. समुद्र पश्चिमेला असेल तर नदी उलटी करावी लागते. वरच्या वाड्या खाली येतात. त्यांची नावं तीच राहतात. माचवाडी सपाटीला गेली.

माणसांची शक्ती नव्या मापात मोजतात. तांबड्यात धर्माजी सुताराची कुऱ्हाड मोठी गोष्ट होती. निळ्यात जादू होती, कुऱ्हाडीचं काही चाललं नसतं.

आणि निळ्या पुस्तकात प्रत्येक माणसापुढे तीन रकाने भरायचे असतात. वंश. देव. बाजू. बाजू दोनच, उजेड नाहीतर काळोख. कल्पेशनं सगळ्या खोऱ्याचा तक्ता केला. वंशाच्या रकान्यात लिहिलं, माणूस. घरापासून घरापर्यंत माणूस, माणूस, माणूस. बाजूचा रकाना आपोआप भरतो, तो देवावरून ठरतो.

देवाचा रकाना त्यानं

•

"हा रकाना रिकामा का आहे?" वृषालीनं विचारलं.

"त्यांना देव नाही ना," रिद्धी म्हणाली. "पान सत्तेचाळीस. ज्याला देव नाही, त्याची बाजू काळोख. काळोखाच्या माणसाला मारलं तर पाप नाही, वर गुण मिळतात. हे बघा, दादानंच मराठीत लिहून ठेवलंय."

ते कल्पेशचंच अक्षर होतं.

"म्हणून मग आम्ही तक्त्यात वरून सुरुवात केली," इंद्रायणी म्हणाली. तिच्या पुढ्यात शेंगदाणे होते. ती एकेक सोलत बोलत होती. "पहिली धुंडवाडी. तिथं मजा नाही आली, ते लोक लढलेच नाहीत. दारात उभे राहून नुसते, या बसा, या बसा."

"च्या देत व्हते," अमृत म्हणाला.

"हो, चहा देत होते. आम्हाला वाटलं विष आहे."

"होतं का?"

"नव्हतं. ते नंतर कळलं."

वृषाली मागच्या पोत्यांच्या गठ्ठ्यावर बसली.  

"गेणभाऊला कुणी मारलं?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. "म्या," अमृत म्हणाला. थोडा लाजून, म्हणजे कौतुक होणार अशा बेतानं. "वज्रसेनानं. माजा योद्धा त्यो. उजेडाचा हाय. तवा एकोणीस पडला व्हता फासा."

"गेणभाऊ जिवंत आहे."

"न्हाई ओ ताई, फुली हाय की त्याच्यावर."

"घोडेगावला असतो. मेथी घेऊन चालला होता."

अमृत तिच्याकडे बघत राहिला. मग तक्त्याकडे. मग पुन्हा तिच्याकडे. "म्हंजे ह्यो खरा हाय?"

"सगळे खरे आहेत. काही वारले, काही आहेत. अंबाबाई मला लहानपणी पोहायला शिकवायची. हे आमचं गाव आहे. धरणाखालचं."

 इंद्रायणीच्या हातात सोललेला दाणा तसाच राहिला.

तेवढ्यात प्यारीबाई वर आली. रिद्धीची आई. ताटलीत राजगिऱ्याचे लाडू. "वृषाली, तुला सोमवार असेल म्हणून हे. किती वर्षांनी आलीस गं. वाळलीस." मग तिनं तक्त्याकडे पाहिलं. रोजच बघत असणार, आज नीट पाहिलं. "एवढ्या फुल्या कसल्या? नापास झालेत का सगळे?"

"मेलेत, मम्मी," रिद्धी म्हणाली.

"कुणी मारले?"

"आम्ही."

प्यारीबाईनं ताटली पोत्यावर ठेवली. "ह्या घरात मी डास मारू देत नाही," ती म्हणाली. "चातुर्मासात हिरवा पाला चिरत नाही. आणि माझ्याच डोक्यावर बसून तुम्ही वाड्या मारता?"

"मम्मी, खेळ आहे तो."

"मग खेळात तरी कशाला?" प्यारीबाई म्हणाली, आणि खाली गेली.

तक्त्यात एकच वाडी फुलीवाचून होती. सगळ्यात खालची. उतारवाडी.

"आता कुठवर आलाय डाव?" वृषालीनं विचारलं.

रिद्धीनं उत्तर द्यायच्या आधी अमृतनंच दिलं. आवाज पार बसला होता. "उतारवाडीच्या दारात हाये. हातात मशाल हाय माज्या. आता माजीच पाळी."

•

रिद्धी खालून वडिलांचा मोबाइल घेऊन आली. कल्पेश सुरतला होता, कापडाच्या बाजारात.

"वृषाली? कुठंयस?"

"तुझ्या माडीवर."

"अरे वा. बघितलंस का पोरांनी कसं जपलंय?"

"कल्पेश, देवाचा रकाना रिकामा का आहे?"

"तुझ्यासाठी," तो म्हणाला. लगेच. अभिमानानं. "खोराईला हात लावायचा मान तुझा. मी सगळं नेलं, माणसं, गुरं, भांडी. तिची जागा मोकळी सोडली. म्हटलं वृषाली येईल, कौल लावील, आणील. मी नुसतं नाव लिहिलं असतं तरी ते उचलल्यासारखंच झालं असतं. आमचं घर परकं. आपण कसा हात लावायचा?"

"आणि निळ्या पुस्तकात देव नसला की काय होतं?"

तिकडे कुणीतरी मोठ्यानं भाव सांगत होतं. मग तोही आवाज थांबला, किंवा कल्पेश चालत बाहेर आला असावा.

"पान सत्तेचाळीस," वृषाली म्हणाली. "तुझंच अक्षर आहे."

"मी ते लिहिलं तेव्हा... मी दोन्ही एकत्र नाही वाचलं, वृषाली. मला रिकामं म्हणजे तुझी वाट बघणं होतं."

"आधी देव नेतात, कल्पेश. मग माणसं."

"हो, पण देव मानकऱ्यानं न्यायचा. तू नव्हतीस. मग मी काय, माणसं तिथंच ठेवायची होती? फाटक्या पानांत?"

वृषालीनं फोन दुसऱ्या कानाला लावला. 

"किती राहिलेत?" कल्पेशनं विचारलं.

"उतारवाडी."

"आणि?"

"आणि काही नाही."

त्यानं फोन ठेवला नाही.  शेवटी तिनंच बटण दाबलं.

•

"सोपं आहे की," रिद्धी म्हणाली. ती रडकुंडीला आली होती आणि म्हणून भराभर बोलत होती. "आता आणा ना देवीला. तुम्ही आलाय. लावा कौल. ती हो म्हणाली की रकाना भरतो, बाजू उजेड होते, अमृतला मशाल खाली ठेवावीच लागेल. आत्ता."

दगड कुठून आणायचा? दुकानात इलेक्ट्रॉनिक काटा आल्यापासून लोखंडी वजनं जिन्याखाली पडून होती. रिद्धीनं दोन किलोचं आणलं. इंद्रायणीनं खालून तांदूळ आणला. वजन धुताना बघून प्यारीबाई जिन्यातून म्हणाली, "आज वजनाला पण सोमवार का?" 

पंखा बंद करावा लागला नाही. लोडशेडिंगची वेळ होती, तो आपणच थांबला.

वृषालीनं वजनाला पाणी लावलं. एक दाणा उजवीकडे, एक डावीकडे. आई, ह्या जगात येतेस का. मोठ्यानं नाही म्हणाली. पण सगळ्यांना ऐकू आलं.

खाली कुणीतरी अर्धा किलो शाबू मागत होतं. रस्त्यावरून यात्रेची माणसं चालली होती, पिपाण्या वाजत होत्या. लोखंडावरचं पाणी हळूहळू सुकत होतं. अमृत गुडघ्यावर आला होता. त्याचा चेहरा वजनाच्या अगदी जवळ, श्वास धरलेला, दाणा आपल्या श्वासानं पडू नये म्हणून.

डावा पडला.

"परत इच्यारू," अमृत म्हणाला. "माजी आजी तीनदा इच्यारायची."

"पहिलं उत्तर नको असलं की तीनदा विचारतात."

"मग आता?"

"आता काही नाही. ती येत नाही म्हणाली."

सगळ्यांत आधी इंद्रायणी सावरली. "मग दुसरा कुठला तरी देव लिहा. निळ्या पुस्तकात चिक्कार आहेत. वादळाचा आहे, विस्तवाचा आहे. कुणीही चालेल. कोण बघतंय?"

वृषालीनं रिद्धीकडे पाहिलं. "सरूबाई कोण बोलते?"

"मीच. कारभारीण मीच ना. वाडीतली सगळी माणसं मीच बोलते."

"मग तिला विचार."

रिद्धीनं मान खाली घातली. खांदे थोडे रुंद केले. मग तिचा आवाज बदलला, आणि वृषालीच्या अंगावर काटा आला, कारण तिच्या मनातला हा आवाज तिनं कधीच कुणाला सांगितला नव्हता.

"पावणं, वाडीत यायचं तर या. होडीत बसायचं आसंल तर आदी चपला हातात घ्या, माजी होडी घाण व्हती."

"हे मी लिहिलं होतं का?" वृषाली हळूच म्हणाली.

"नाही," रिद्धी आपल्या आवाजात म्हणाली. "हे तिनंच... म्हणजे मीच. ती असंच म्हणते."

तर ही सरूबाई इथली झाली होती. उलट्या नदीवरची. देवीवाचून दोन वर्षं होडी चालवणारी. देवी आली नाही म्हणजे हे आपलं गावच नव्हे, जाळलं काय नि ठेवलं काय, असं म्हणून उठायची एक वाट होती. त्या वाटेकडे वृषालीनं चांगली दोन-तीन मिनिटं बघितलं.

"सरूबाई," ती म्हणाली, "दुसरा देव लिहू का तुमच्यापुढे? वादळाचा आहे म्हणतात."

"कशाला?" सरूबाई म्हणाली. "आमची हाय की."

"ती येत नाही म्हणाली."

"येत न्हाई म्हणली. तुमची नाय, आसं म्हणली का?"

रिद्धीनं स्वतःच तोंडावर हात ठेवला. हे ती ठरवून बोलली नव्हती.

वृषालीनं निळं पुस्तक ओढलं. पान सत्तेचाळीस. तिनं कल्पेशचं मराठी वाचलं, मग बाजूचं इंग्रजी वाचलं, मग पुन्हा मराठी. ज्याला देव नाही. देव त्याच जगात असला पाहिजे, असं कुठंही म्हटलेलं नव्हतं. तिनं पेन घेतलं आणि सरूबाईच्या नावापासून उतारवाडीच्या सगळ्या रिकाम्या रकान्यांत लिहिलं:

खोराई. मुक्काम तांबडं जग.

"चालेल?" तिनं विचारलं.

रिद्धीनं पुस्तक उलटंपालटं केलं. ती कारभारीण होती, तिला नाही म्हणायचा हक्क होता. "चालेल," ती म्हणाली. "उतारवाडी उजेडात."

अमृतनं सुस्कारा सोडला. इंद्रायणी हसलीसुद्धा. "सुटलो बाबा."

"मेल्याली बी आमचीच हायेत," सरूबाई म्हणाली. "त्यांच्या फुडं बी लिवा."

आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. मग इंद्रायणीच्या आलं.

"एक मिनिट. नाही, हे नाही चालणार. त्यांच्यापुढे देव लिहिला तर ते उजेडाचे होतात. मग आम्ही मारले ते..." ती थांबली. "तेव्हा रिकामं होतं. तेव्हाच्या नियमानं आम्ही बरोबर होतो. आज लिहून तेव्हाचं कसं बदलेल?"

"रिकामं व्हतं," अमृत म्हणाला. "पर देव नव्हता, असं नाय."

"तुला कळतंय का काय बोलतोयस? वज्रसेन जाईल तुझा. दोन वर्षं खेळलायस. उजेडाच्या योद्ध्यानं उजेडाचा माणूस मारला तर तलवार उचलत नाही. कायमची. माझी तिरंदाज तारका पण जाईल. मी तर फक्त बाण मारले, लांबून."

"च्या देत व्हते ते, इंद्रे."

"मला माहीत होतं का?"

"मला बी नव्हतं म्हाईत." अमृतचं तोंड पांढरं पडलं होतं. "पर च्या तर दिसत व्हता की. कप दिसत व्हता. मी त्याच हातावर..." 

इंद्रायणीनं पिशवी उचलली. "मी नाही ह्यात," ती म्हणाली. "मी नियमानं खेळले." जिन्यावर तिच्या पावलांचा आवाज मधेच थांबला. मग पुन्हा सुरू झाला आणि रस्त्याच्या आवाजात मिसळून गेला.

वृषालीनं पेन तक्त्याला लावलं नव्हतं. ते तिच्या हातात होतं. तिला मेलेल्यांपुढे लिहायचं होतं, फार लिहायचं होतं. पण ह्या पोरानं तासाभरापूर्वी तिच्या पाया पडून दोन वर्षांचं काम दाखवलं होतं. तिनं त्याच्याकडे पाहिलं.

"द्या," अमृत म्हणाला. "मी लिवतो. मारलं मी, तर तुमी कशाला लिवता?"

त्याचं अक्षर वाईट होतं. तो उभा राहून, भिंतीला हात टेकून लिहीत गेला. धुंडवाडी आधी. प्रत्येक नाव तो तोंडानं वाचायचा, मग पुढे लिहायचा. फुलीवरून शाई नीट उमटत नव्हती तिथं दोनदा गिरवायचा. कुठं कुठं विचारायचा, ताई, ह्यो आता हाय का? वृषाली सांगायची, आहे, नाहीतर, गेला. मशाल अजून वज्रसेनाच्या हातात होती, खेळात. ती विझवायचं कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

शेवटचं नाव झालं. त्यानं पेनचं टोपण लावलं.

"सांग," तो रिद्धीला म्हणाला. "कारभारीण हायेस ना. सांग काय झालं ते."

"वज्रसेन तलवारीला हात घालतो," रिद्धी म्हणाली. तिचा आवाज सरूबाईचा नव्हता आणि तिचाही नव्हता. "तलवार उचलत नाही."

"बरं," अमृत म्हणाला.

तो चपला घालून गेला. उतारवाडी राहिली. रिद्धी तशीच बसून होती, तक्त्याकडे बघत. खेळात तिनं एकही माणूस मारला नव्हता. फासा पडला की मेला, एवढंच ती सांगायची. वृषालीनं तिच्या पाठीवर हात ठेवायला उचलला, आणि ठेवला की नाही, हे दोघींनाही नंतर आठवलं नाही.

•

२००३च्या उन्हाळ्यात कल्पेशनं निळं जग रिद्धीच्या ताब्यात दिलं, तेव्हा तिनं त्याला विचारलं होतं, दादा, हा रकाना रिकामा का? तो सांगायला लागला होता. खालून पारसमल शेठनी हाक मारली, साखरेची पोती आली होती, आणि तो खाली गेला.